दारावर पाटी लटकली की जिना आपला

पुण्याहून श्टुटगार्टला निघालेल्या माणसाला सगळे थंडीचं आणि भाषेचं सांगतात. थर्मल घे, बी-वनपर्यंत तरी जर्मन करून जा वगैरे. केरवोखेबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

तर बिल्डिंगमधल्या बिऱ्हाडांनी आळीपाळीनं एकेक आठवडा साफसफाई करायची, हे ते केरवोखे. शेजारच्यांकडची छोटी पाटी आपल्या दाराच्या हँडलला लटकलेली दिसली की समजायचं, आलाय आपला नंबर. छोटी केरवोखे असेल तर आपल्या मजल्याचा जिना झाडून पुसायचा, मोठी असेल तर तळघर, कचऱ्याच्या डब्यांची जागा, दारासमोरचा फुटपाथ, आणि रात्रीतून बर्फ पडलाच तर ऑफिसला पळायच्या आधी फावडं घेऊन खाली. 15व्या शतकापासूनची भानगड आहे म्हणे ही, 1988 मध्ये शहरानं सक्ती काढून टाकली पण घरमालकांच्या भाडेकरारातलं कलम काही हललं नाही.

आईला व्हिडिओ कॉलवर फुटपाथ झाडताना दाखवलं तर तिला वाईट वाटेल असं वाटलं होतं, तर ती म्हणते, "इथं कधी झाडू हातात धरला नाहीस तो!"

समोर एक आजी राहतात. माझं पुसून झालं की कधीतरी दार उघडून बाहेर येतात, कठड्यावरून एक बोट फिरवतात, बोटाकडे बघतात आणि आत जातात. बास. पुण्यात नवीन बिऱ्हाड आलं की संध्याकाळपर्यंत गाव, नोकरी, लग्न सगळी चौकशी होते आणि आपण वैतागतो, इथे महिनोन् महिने कोणी काही विचारत नाही तेव्हा कळतं की त्या भोचकपणाचीही सवय झालेली असते. मला खरा त्रास झाला तो याचाच, थंडीचं काय, हीटर असतो. मग एकदा मी पायऱ्यांचे कोपरे जुन्या टूथब्रशनं घासत बसलेलो असताना आजी थांबल्या आणि विचारलं, कुठून आलात? मी मुंबईजवळून म्हटलं (पुणेकरांनी माफ करा, पण मुंबई 1968 पासून श्टुटगार्टचं जुळं शहर आहे, लगेच ओळख पटते). त्यानंतर जिन्यात भेटल्या की हवापाण्यावर दोन वाक्यं होतात, आणि इथल्या मानानं ती खूप झाली.

बाकी कागदपत्रांचं सगळीकडे लिहिलेलं असतंच, राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवा, त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, ते आधीच मागून ठेवा.

आणि येणारी पोरं हमखास विचारतात, कुकर आणू का? आणा, इंडक्शनवर चालणारा आणा, गास्केट दोन जास्तीच्या आणा. पण त्याआधी घरात किचन आहे का ते विचारा, कारण इथे बरेचदा जुना भाडेकरू कपाटं, शेगडी, सिंकसकट सगळं किचन उचकटून घेऊन जातो आणि तुम्हाला भिंतीतून आलेले दोन पाइप मिळतात.