हेलसिंकीच्या जागी कन्याकुमारी

फिनलंडच्या दक्षिणेतल्या हेलसिंकीहून उत्तरेतल्या रोवानिएमीला जाणारी रात्रीची गाडी सुटली, तेव्हा जूनचं ऊन अजून खिडकीत होतं. जवळपास 900 किलोमीटर, बारा तास. शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशात नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड मिळून भारतापेक्षाही मोठे दिसायचे. खरं तर तिन्ही देश एकत्र केले तरी भारताच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडेच जास्त भरतात. हा आकडा मी निघण्याआधी वाचला होता, पण तो डोळ्यांसमोर उभा राहत नव्हता.

बाहेर भूर्ज, पाइन, मधेच एखादं तळं, पुन्हा पाइन. रात्र होईना, त्यामुळे झोपही येईना. वही काढली. नकाशा कितीही ताणलेला असला तरी अक्षांशाचे आकडे खरे असतात, आणि एक अंश कुठेही मोजा, साधारण 111 किलोमीटरच भरतो. म्हणजे दक्षिणोत्तर लांबीसाठी नुसती वजाबाकी पुरे. फिनलंड 60 ते 70, दहा अंश. भारत 8 ते 37, एकोणतीस अंश! कन्याकुमारी उचलून 60 अंशांवरच्या हेलसिंकीत ठेवली, तर भारताचं उत्तर टोक 89 अंशांवर जाईल, उत्तर ध्रुवापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. मी तीनदा वजाबाकी करून पाहिली.

हा ताण येतो मर्केटरच्या नकाशातून. 1569 साली त्याने तो खलाशांसाठी काढला. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणारी वाट त्यावर सरळ रेषेत येते, आणि समुद्रात ती फार मोलाची सोय होती. पण त्यासाठी रेखांश ध्रुवाकडे जवळ येऊ न देता समांतर ठेवावे लागतात. 60 अंशांवर लांबी दुप्पट होते, क्षेत्रफळ चौपट. चूक त्या नकाशाची नाही, तो वर्गात टांगण्याची आहे, असं मला मनापासून वाटतं. त्यावर ग्रीनलंड आफ्रिकेच्या तोडीचं दिसतं. प्रत्यक्षात विषुववृत्तावरचा एकटा कांगो (किन्शासावाला) ग्रीनलंडहून मोठा आहे, आणि आफ्रिकेत तर भारत नऊ वेळा बसतो.

रोवानिएमीच्या थोडं उत्तरेला आर्क्टिक वृत्ताची, म्हणजे साधारण साडेसहासष्ट अंश उत्तर अक्षांशाची रेषा आखलेली आहे. पृथ्वीभोवतीचं हे वर्तुळ सुमारे 16,000 किलोमीटरचं, विषुववृत्त 40,000 हून जास्त. नकाशात मात्र दोन्ही रेषा एकाच मापाच्या.

मी त्या रेषेवर उभी राहिले आणि वहीतलं गणित पुन्हा लावलं. हेलसिंकीला कन्याकुमारी धरली, तर रात्रभर गाडीत बसून मी अजून कारवारच्याही अलीकडेच होते. इथून फिनलंडचं शेवटचं टोक गाठलं असतं, तरी सोलापूरच्या जरा पुढे.