माहेरहून पाचाडला: जिजाऊंची ओटी

आमच्या सिंदखेड राजा तालुक्यात १२ जानेवारी कुणाला सांगावी लागत नाही. १५९८ साली जिजाऊंचा जन्म झाला तो इथल्याच लखुजीराव जाधवांच्या राजवाड्यात. जयंतीला पहाटेपासून जन्मस्थळासमोर रांग लागते, गावोगावच्या बायका भगवे फेटे बांधून येतात. पण बचत गटाच्या बैठकीत जिजाऊंच्या समाधीचा विषय निघाला, तर रायगडाच्या पायथ्याच्या पाचाडचं नाव बऱ्याच जणींना ठाऊक, गेलेली मात्र एकही नव्हती. लेक आमची, आणि तिच्या समाधीवर माहेरचं कुणीच गेलेलं नाही, हे मला फार लागलं. माहेरची ओटी घेऊन जायचं, असं तिथंच ठरवलं.

ओटी म्हटल्याबरोबर वाद उभा राहिला. शहाजीराजे १६६४ साली वारले, जिजाऊ पुढं दहा वर्षं जगल्या. आमच्या गटातल्या एक काकू म्हणाल्या, "अवं, बिनकुंकवाच्या बाईची ओटी भरते का कोणी? हार घाला, नारळ फोडा, झालं." काकू मनाच्या वाईट नाहीत. त्या स्वतः तरुणपणीच विधवा झाल्या आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कायम मागच्या खोलीत बसत आल्या. मी म्हटलं, जिजाऊ सती निघाल्या होत्या, शिवरायांनी त्यांना जाऊ दिलं नाही, असं बखरींत आहे. त्या गेल्या असत्या तर राज्याभिषेक बघायला आई राहिली नसती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव घेतला आणि सरकारनं तसंच परिपत्रक काढलं, तेही वाचून दाखवलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं, पण कुणाचं मन हललं नाही.

हललं ते एका आजीच्या बोलण्यानं. "लेक माहेरी आली का तिचा नवरा पाहून शिदोरी बांधता का वं तुम्ही?" काकू थोड्या वेळानं म्हणाल्या, "मंग ओटी मीच भरतो." त्यावर कुणी काही बोललं नाही, वहीत नावं मात्र भराभर पडली.

खरी तारीख १७ जून. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला आणि दोन आठवड्यांच्या आत जिजाऊ गेल्या. पण आमच्याकडं तेव्हा मृग लागलेला असतो. सोयाबीनचं बियाणं घरात येऊन पडलेलं, सगळ्यांचे डोळे आभाळाकडं. पेरणी सोडून बाई हलणार कशी? म्हणून मेअखेर धरली. एसटीची गाडी प्रासंगिक करारावर घ्यायची तर पैसे आगाऊ भरावे लागतात. त्यात लग्नसराई, तिथीच्या दिवशी गाडी मिळेना. शेवटी बिनतिथीचा, आठवड्याच्या मधला दिवस पकडला.

ओटीत खणासोबत साडी, घरचे गहू, हळकुंड, खारीक, नारळ. मोती तलावाचं पाणी तांब्यात घेतलं. राजवाडा संरक्षित स्मारक आहे, तिथली माती उचलायची नाही हे मी आधीच बजावलं होतं, तेव्हा प्रत्येकीनं आपल्या शेताची चिमूटभर आणली. एकाच रुमालात काळी, मुरमाड, तांबूस अशी सगळी मिसळली.

जालना, पुणे करत ताम्हिणी घाट उतरलो. कोकणातल्या दमट उकाड्यानं आम्ही बेजार झालो. आमचं ऊन कोरडं, त्याची सवय आहे. रायगडावरचा थंड वारा जिजाऊंना मानवेना म्हणून महाराजांनी पायथ्याशी पाचाडला त्यांच्यासाठी वाडा बांधला. आता तिथं तटबंदी आणि जोती उरली आहेत, पण एक विहीर बघण्यासारखी आहे. तिला तक्क्याची विहीर म्हणतात. काठावर पाठ टेकायला दगडी तक्क्या आहे. जिजाऊ तिथं बसून पाण्याला आलेल्या बायकांची विचारपूस करायच्या, असं सांगतात. आमच्यातली एकही तिथं बसली नाही. हात लावून, वाकून नमस्कार केला आणि पुढं झाली.

समाधीपाशी काकूंनी पदर खोचला, ओटी ठेवली, पाणी शिंपडलं, रुमालातली माती बाजूच्या झाडाच्या बुंध्याशी सोडली. हात थरथरत होते, पण आवाज मोठा होता: "माय, सिंदखेडहून आलो." साडी तिथं उन्हापावसात टाकून यायची नव्हती. ती पाचाडच्याच एका म्हातारीला दिली. तिनं आम्हाला घरी नेऊन कोकम सरबत पाजलं आणि माहेरचा पाऊस कसा आहे ते विचारलं.

१७ जूनला गावात पेरणी उरकून संध्याकाळी पारावर जमलो. काकूंनी सगळं इत्थंभूत सांगितलं, आणि पुढच्या खेपेला ओटी आपल्याला द्या म्हणून आणखी दोघी विधवा पुढं आल्या. ज्या गावांना जायचं असेल त्यांनी गाडीचं फाल्गुनातच बोलून ठेवावं, वर्गणी हप्त्यानं घ्यावी, आणि ओटी कोण भरणार हे निघण्याआधी घरी बसून मोकळेपणानं बोलून घ्यावं. आमचा सगळ्यांत जास्त वेळ त्यातच गेला, आणि तो गेला ते बरंच झालं.