हिचा बीपी

गुरुवार, रात्री अकरा

मंगळवारचं आज लिहितोय. दोन दिवस वही उघडायचीच हिंमत झाली नाही.

झालं एवढंच. ग्रामीण रुग्णालयात समुपदेशनाच्या खोलीतून बाहेर पडलो अन् समोर बंडू. "काका, तुमी इथं काहून?" शेजारच्याच दारापुढे बीपी-शुगरच्या गोळ्यांची रांग होती. तोंडातून निघून गेलं, "तुह्या काकूच्या गोळ्या न्यायले आलो." पोरगं भोळं. संध्याकाळी दूध घेऊन आलं तर अंगणातूनच ओरडलं, "काकू, बीपी वाढला म्हंते तुमचा?"

ही भाकर थापत होती. हात थांबला नाही.

"हो बाप्पा, वाढला थोडासाक."

त्या 'हो'नं दोन दिवस झाले, डोळ्याला डोळा लागला नाही.

मी खोटं बोललो त्याचं काही वाटलं नाही. त्यात माझा हात बसलेला आहे. पण हिचा कधी बसला? घटकाभर अडखळायला तरी पाहिजे होती. 'कोनं सांगतलं तुले?' एवढं तरी म्हणायचं. वरून 'थोडासाक'! ते एक माप पदरचं टाकलं. मी गेल्यावर बंडूसमोर रडली असती तर बरं वाटलं असतं, असंही मनात येऊन गेलं. म्हणजे मी कसा माणूस आहे पहा.

समुपदेशनाच्या मॅडमनी त्या दिवशी कागदावर मटक्याचं गणित करायला लावलं होतं. आकडे दहा. लागला तर एकाला नऊ. दहाही आकड्यांवर दहा-दहा रुपये लावले तर शंभर जातात, नव्वद येतात. चौथीतल्या पोरालाही कळेल. मी नऊ वर्षं रोज ओपनची वाट पाहत, मग क्लोजची वाट पाहत बसलो. हुशारी दाखवायला मी त्यांना सांगितलं की हा खेळ मुळात कापसाचाच. न्यूयॉर्कच्या बाजारातले कापसाचे भाव तारेनं मुंबईत यायचे, उघडता भाव अन् बंद होतानाचा भाव, त्यावर लोक पैसे लावायचे. 1961 मध्ये ते भाव येणं थांबलं, मग 1962 पासून मडक्यात चिठ्ठ्या आल्या, म्हणून मटका. "म्हणजे आमच्यासारख्या पऱ्हाटीवाल्याचा पैसा पऱ्हाटीच्याच भावात दोनदा बुडाला," असं मी म्हटलं. त्या हसल्या. मग म्हणाल्या, "एवढं सगळं माहीत होतं, तरी खेळत होता?"

यावर बोलायला काही नव्हतं.

त्यांचं म्हणणं, हा आजार आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारवाल्यांच्या पुस्तकात 2013 पासून जुगाराला दारूच्याच रांगेत बसवलंय. असेल. पण दारू पिणारा वासानं ओळखू येतो, आकड्याला वास नाही. म्हणून तर नऊ वर्षं निभलं. पहिला फोन 14416 वर, सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर, केला तोही धुऱ्यावरून, मोटारपंप चालू ठेवून, शेजारच्या वावरात ऐकू जाऊ नये म्हणून. पलीकडची बाई तीनदा म्हणाली, दादा, जरा मोठ्यानं बोला.

पुन्हा 'हो'वर येतो.

आज दुपारी लक्षात आलं. कृषी केंद्रवाला उधारीला आला की ही दारातच सांगायची, "घरी नाहीत." मी आत न्हाणीत, पाण्याचा आवाज न करता उभा. मटक्याचा पट्टीवाला आला की "जिल्ह्याले गेले." तिच्या माहेरी विचारलं तर "यंदा पीकच नाही." गळ्यातल्या गरसोळीबद्दल काय सांगितलं ते मला माहीत नाही, मी विचारलं नाही. म्हणजे 'हो' मंगळवारी नाही जमला. त्याची तालीम मीच करून घेतली. मी मंगळवारच्या मंगळवारी खरं बोलायला शिकायला जातो, अन् बसच्या तिकिटाचे मोजून पैसे जिच्या हातून घेतो तिला मी हे शिकवून ठेवलंय. एटीएम कार्ड तिच्याकडे, खोटंही तिच्याकडे.

इथं थोडं रडून झालं. वहीवर डाग आहे, तो चहाचा.

कारण कालपासून दुसराच तमाशा सुरू आहे. बंडूच्या आईनं वाटीभर लसूण पाठवला, सकाळी अनशापोटी चार पाकळ्या. पलीकडच्या आजीनं शेवग्याचा पाला. ही बिचारी सगळ्यांसमोर लसूण चावते, डोळ्यांतून पाणी. माझ्या आकड्याचं औषध हिच्या पोटात.

आज सप्ताहाचा काला होता. पंगतीत मी लोणचं वाढायला. बायकांच्या रांगेत हिच्यापाशी आलो तर हिनं ताटावर आडवा हात धरला अन् मोठ्यानं, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली, "मले मीठ चालत नाही, माहीत नाही का तुमाले?"

बाया हसल्या. "पाहा बाई, गोळ्या आनते अन् लोनचं वाढते!" मी पुढं सरकलो. मागं वळून पाहायची सोय नव्हती, पण तीही हसत होती, हे मला आवाजावरून कळलं. पुष्कळ दिवसांनी.

आता स्वयंपाकघरात दिवा लागलाय. फडताळ उघडलं. बरणीचं झाकण. उभ्यानंच खातेय, आंब्याची फोड, चोखल्याचा आवाज इथवर येतो.

"बीपी वाढंन," मी इथूनच म्हटलं.

"मंगळवारी गोळ्या आनजा."