वाल्पोलिचेल्लाची वाळवलेली द्राक्षं आणि आमारोने

आमचं घर तासगावचं. बेदाण्याच्या शेडमधल्या जाळ्या आणि डिपिंग ऑइलचा (द्राक्षं लवकर वाळावीत म्हणून ती ज्यात बुडवतात) वास लहानपणापासून ओळखीचा. म्हणून गेल्या नोव्हेंबरात म्युनिकहून इटलीतल्या वेरोनाला गेलो, तेव्हा आमारोने, म्हणजे वाळवलेल्या द्राक्षांची तिथली वाईन, पिण्यापेक्षा तिची द्राक्षं कशी वाळवतात ते पाहायची ओढ जास्त होती.

म्युनिकहून वेरोनाला थेट रेल्वे आहे, साडेपाच तासांच्या आसपास. शहराच्या उत्तरेला टेकड्यांमध्ये वाल्पोलिचेल्ला हा वाईनचा प्रदेश पसरलाय. नेग्रार, मारानो, फुमाने ही त्यातली गावं. बस मिळते, पण रविवारी फार थोड्या. आम्ही रविवारीच गेलो आणि परतीला टॅक्सी करावी लागली, तेव्हा शक्यतो आठवड्यातला दिवस निवडा. वाटेत बऱ्याच बागा मांडवावरच्या दिसल्या. अगदी आपल्याकडच्यासारख्या नाहीत, पण घड खाली लोंबताना पाहून घरची आठवण आलीच.

एका छोट्या घरगुती वायनरीत मालकीणबाईंनी आधी वरच्या मजल्यावर नेलं. या वाळवणीच्या माडीला फ्रुत्ताइओ म्हणतात. दोन्ही बाजूंना खिडक्या, आणि छतापर्यंत रचलेले क्रेट. प्रत्येकात घडांचा एकच थर, घड घडाला चिकटू नये म्हणून. पूर्वी इथे बांबू-बोरूच्या चटया असायच्या. मी एक मणी बोटात धरून दाबला. साल सुरकुतलेली, आत गर अजून ओला, चिकट. वास बेदाण्याचा नाही, सुकत चाललेल्या चेरीचा.

तिथूनच दादाला व्हिडिओ कॉल लावला. त्याचा पहिला प्रश्न, "डिपिंग कशाचं करतात रे?" कशाचंच नाही, म्हटल्यावर, "मग बुरशी?" बाईंनी पंख्यांकडे बोट दाखवलं. थंड, कोरडी, हलती हवा हाच उपाय. आपल्याकडे पंधरा-वीस दिवसांत बेदाणा तयार होतो, चार किलोंचा एक किलो. इथे तीन-चार महिने लागतात आणि वजन साधारण तिसऱ्या हिश्शाने किंवा थोडं जास्त घटतं. पूर्ण वाळवायचंच नसतं, रस दाट करायचा असतो. दादा बराच वेळ नुसता पाहत होता.

आमारोने एकाच जातीच्या द्राक्षांची वाईन नाही. कोर्विना मुख्य, तिच्यामुळे चेरीची चव आणि आंबटपणा येतो. जोडीला मोठ्या मण्यांची कोर्विनोने, आणि रोन्दिनेल्ला, जी रोगाला सहज बळी पडत नाही आणि छान वाळते. मूळ परंपरा रेचोतो या गोड वाईनची. त्याच द्राक्षांची सगळी साखर आंबून संपू दिली की कोरडी, म्हणजे गोड नसलेली, वाईन होते. आमारो म्हणजे कडू, त्यावरून आमारोने. अल्कोहोल किमान 14 टक्के, बऱ्याचदा 15-16. 2010 मध्ये तिला डीओसीजी हा इटलीतला सर्वांत वरचा दर्जा मिळाला.

चव घेताना क्रम सांभाळा: आधी वाल्पोलिचेल्ला याच नावाची साधी वाईन, मग आमारोनेच्या चोथ्यावर पुन्हा आंबवलेली रिपास्सो, मग आमारोने, शेवटी रेचोतो. उलट केलंत तर पहिली पाण्यासारखी लागेल. आमारोनेचा घोट जिभेवर थोडा वेळ धरला. आधी सुकी चेरी, मग कोको, आणि गिळल्यावर मागे राहणारा हलका कडवटपणा. मला तो कडवटपणाच सर्वांत आवडला. नुसती पिऊ नका, सोबत मोन्ते वेरोनेझे चीज घ्या. वेरोनात आमारोनेत शिजवलेला रिसोत्तोही मिळतो, भाताचा रंग जांभळट.

फ्रुत्ताइओ भरलेला पाहायचा असेल तर ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात जा. जानेवारीनंतर बहुतेक क्रेट रिकामे होतात. आधी ईमेल करून वेळ ठरवाच. एप्रिलमध्ये वेरोनात विनइटालीचं मोठं प्रदर्शन भरतं, तेव्हा हॉटेलं महाग असतात. गाडी चालवणाऱ्याने घोट थुंकून टाकावा. त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं, कुणी वाईट मानत नाही.

भारतात येताना माणशी दोन लिटरपर्यंत मद्य ड्युटीशिवाय आणता येतं, म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या. कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेत ठेवा. मी एक आमारोने आणली आणि एक रेचोतो, दादासाठी. ती मात्र गार करून द्यायची, सोबत मूठभर तासगावचे बेदाणे.