बास गिटारवरचे बारा बार

जुन्या रॉक अँड रोलमधली बरीचशी गाणी बारा बारच्या (एक बार म्हणजे चार मात्रांचा गट) एकाच चौकटीत बसतात: 'ए' या कॉर्डवर (स्वरसमूहावर) चार बार, 'डी'वर दोन, पुन्हा 'ए'वर दोन, मग 'ई' आणि 'डी'वर एकेक, शेवटी 'ए'वर दोन. मधले बोट सर्वांत जाड तारेच्या पाचव्या फ्रेटवर (मानेवरच्या पडद्यावर) ठेवले, की 'ए'चे षड्ज, गांधार, पंचम, धैवत आणि कोमल निषाद हात न सरकवता मिळतात. तोच आकार शेजारच्या तारेवर नेला की 'डी' तयार. अवघड आहे तो नाद. चक बेरी यांच्या १९५८ च्या 'जॉनी बी. गुड'मध्ये विली डिक्सन यांनी उभा डबल बास वाजवला आहे. तसा आखूड, बोथट स्वर इलेक्ट्रिक बासवर हवा असेल, तर तळहाताची कड ब्रिजपाशी (बासच्या अंगावर तारा टेकतात तिथे) तारांवर हलकेच टेकवून अंगठ्याने वाजवावे. पिकचा, म्हणजे तार छेडायच्या छोट्या पट्टीचा, आवाज (निदान माझ्या कानांना) इथे फार टोकदार वाटतो.