तो जिताडा, ती जिताडा

मराठीत जिताडा पुल्लिंगी. तो लागला, तो सुटला. पण गळ टाकणारे ज्याच्यासाठी झोपमोड करून घेतात, तो मीटरभर लांबीचा जाडजूड जिताडा बहुतेक वेळा मादी असतो. हा मासा सहसा नर म्हणून वयात येतो, काही वर्षं तसाच काढतो आणि मग मादी होतो. म्हणजे 'काय बाप्या आहे!' म्हणत जिच्यासोबत फोटो काढायचा, ती कुणाची तरी आजी. हे कळल्यापासून माझं व्याकरण पार बिघडलंय.

मुक्कामाचंही तेच. जन्म खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात. पोरं भरतीबरोबर कांदळवनात शिरतात, पावसाच्या पाण्यावर थेट नदीतही चढतात. मोठी झाली की विणीसाठी पुन्हा खाऱ्याकडे. ऑस्ट्रेलियात यालाच बारामंडी म्हणतात. तिथल्या क्वीन्सलँडमध्ये ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान मासा सोडून द्यावा लागतो, हे ठीकच. पण १२० सेंटिमीटरपेक्षा मोठाही सोडावा लागतो. लाखो अंडी घालणाऱ्या आज्या वाचाव्यात म्हणून. हा नियम मला फार आवडतो.

पाठलाग करणं याच्या स्वभावात नाही. बुडालेल्या ओंडक्याआड, तिवराच्या मुळांत दबा धरून बसायचं. ओहोटी लागली की आतल्या ओहळांतून कोळंबी आणि बारकी मासळी वाहत येते, आणि हा नेमका तोंडाशी हजर. जबडा उघडला की भक्ष्य पाण्यासकट आत. वर पाण्यावर 'डब्ब' असा आवाज येतो. अंधारात तो ऐकला की हातातली काठी आपोआप घट्ट धरली जाते. बॅटरीच्या उजेडात याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात, पण उजेड पाडू नये. निदान मी पाडत नाही.

दोरा तुटला की नवखा माणूस दातांना दोष देतो. दात बिचारे खरखरीत, बारीक. खरी धार कल्ल्याच्या झाकणाच्या कडेला. मोठा म्हणावा असा मला एकदाच लागला. पाण्याबाहेर उसळला, हवेतच डोकं झटकलं, आणि मी अर्धा क्षण दोरा ढिला सोडला. तेवढं पुरलं.

"सुटला?" शेजारच्या काठीवाल्याने विचारलं.

"सुटली," मी म्हटलं.

त्याने एकदा माझ्याकडे, एकदा पाण्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे जाड दोऱ्याचं रीळ सरकवलं.