ड्रायर सुरुवातीला तापतो आणि मग गार पडतो : गॅसच्या ड्रायरचा माझा अनुभव

शाहूपुरीतील आमच्या छोट्या लाँड्रीत यात्री निवासांच्या चादरी, अभ्रे आणि टॉवेल धुवायला येतात. अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी पावसाळ्यातही ओसरत नाही आणि कोल्हापूरच्या आषाढात दोरीवरची चादर तीन दिवसांतही धड वाळत नाही, म्हणून आम्ही १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरवर चालणारा ड्रायर घेतला. गेल्या जुलैत, पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकत असताना, तो बिघडला. ड्रम फिरत असे, पहिली आठ-दहा मिनिटे चांगली ऊब येत असे आणि नंतर नुसता गार वारा. दोन तास बंद ठेवला की पुन्हा तसेच.

सेवा केंद्राकडे तक्रार नोंदवली तेव्हा दोन दिवसांत माणूस येईल असे सांगण्यात आले. तो नवव्या दिवशी आला, इग्नायटर (गॅस पेटवणारा, तापून लाल होणारा भाग) बदलून पैसे घेऊन गेला आणि दुसऱ्याच दिवशी ड्रायर पुन्हा गार पडला. मी परत फोन केला, तर माझी तक्रार ‘सोडवली’ म्हणून बंद झालेली होती. नवा क्रमांक, पुन्हा तीच माहिती, पुन्हा बिलाची प्रत आणि पुन्हा ‘पुण्याहून माणूस निघाला की कळवतो’. सहा दिवसांनी कोणीही आलेले नसताना दुसरी तक्रारही बंद झाल्याचा संदेश आला. दारात ओल्या चादरींचे ढीग, यात्री निवासांचे फोन आणि पलीकडून तेच शांत उत्तर, याचा संताप अजूनही गेलेला नाही.

मात्र उशिरापेक्षाही मला ड्रायरची हवा बाहेर नेणाऱ्या नळीबद्दल, म्हणजे डक्टबद्दल, त्यांनी दिलेल्या एका सल्ल्याचा राग अधिक आहे. ‘मागचा डक्ट काढून मशीन चालवून पाहा, उष्णता टिकली तर डक्ट तुंबला आहे असे समजा,’ असे फोनवर सांगण्यात आले. विजेच्या ड्रायरमधून ओलावा आणि कपड्यांचे तंतूच बाहेर पडतात. गॅसच्या ड्रायरमधून त्यांच्यासोबत जळलेल्या गॅसचा धूरही बाहेर पडतो आणि ज्वाला नीट जळत नसेल तर त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, ज्याला रंग नाही आणि वासही नाही. हे आम्हाला कोणी सांगितले नाही. बाहेर पावसाची झड असल्याने खिडक्या बंद होत्या आणि आम्ही डक्ट काढून सकाळभर तसेच काम केले. दुपारी इस्त्री करणाऱ्या मावशी टेबलाला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘वहिनी, डोकं गच्च झालंय, मळमळतंय.’ माझेही कपाळ ठणकत होते. दोघी रस्त्यावर येऊन उभ्या राहिलो आणि अर्ध्या तासात दोघींनाही बरे वाटू लागले. आत गेल्यावर त्रास आणि बाहेर आल्यावर आराम, ही या वायूची खूण आहे, हे मला त्या संध्याकाळी आमच्या डॉक्टरांकडून कळले. मशीन त्याच क्षणी बंद केले आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह आवळला.

तिसऱ्या तक्रारीवर जे वयस्कर तंत्रज्ञ आले, त्यांनी आधी काहीच उघडले नाही. नवा डक्ट बसेपर्यंत मशीन चालवायचे नाही असे मी ठरवले होते, तेव्हा पाहणीपुरते त्यांनी दोन्ही दरवाजे सताड उघडून ते सुरू केले आणि ते खालच्या छोट्या झरोक्यातून पाहत बसले. पहिल्यांदा इग्नायटर तांबडा झाला, ‘टक’ असा आवाज आला आणि निळी ज्वाला पेटली. काही मिनिटांनी इग्नायटर पुन्हा तांबडा झाला, विझला, पण ज्वाला आलीच नाही. ‘ताई, इग्नायटर तापतोय म्हणजे तो चांगला आहे; गॅस व्हॉल्व्हच्या कॉइल तापल्यावर दगा देतात,’ असे ते म्हणाले. या कॉइल विजेवर गॅसचा व्हॉल्व्ह उघडतात. कॉइल बदलायला पंधरा मिनिटेही लागली नाहीत.

डक्ट त्यांनी मला दाखवला. चुणीदार फॉइलची लांब नळी, तीन वळणे, आणि टोकाला उंदरांसाठी बसवलेल्या जाळीवर तळहाताएवढ्या जाडीचा तंतूंचा राखाडी थर. हवा अडली की आत उष्णता कोंडते, कपडे उशिरा वाळतात आणि तो तंतू पेटही घेऊ शकतो. उद्यमनगरातील पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराकडून मी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पत्र्याचा गुळगुळीत डक्ट करून घेतला, ज्यात एकच वळण आहे. सांधे ॲल्युमिनियमच्या पट्टीने बंद केले. आत टोक येईल असा स्क्रू मारू दिला नाही, कारण त्यावर तंतू अडकतो. टोकाला जाळीऐवजी हवेच्या झोताने उघडणारी झडप लावली आणि ते शेजाऱ्यांच्या खिडकीपासून दूर, उघड्यावर काढले. ड्रायर खोलीतली हवा ओढून बाहेर टाकत असतो, त्यामुळे आत हवा यायला वाट लागते. म्हणून पावसातही एक झरोका कायम उघडा ठेवते.

आधीच सांगायला हवे होते ते असे, की गॅसच्या नळीचा सांधा तपासताना साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत, काडी कधीही ओढू नये. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. वास आला तर विजेच्या बटणाला हात न लावता बाहेर पडून १९०६ वर फोन करावा. पुढे पाइपचा गॅस घेणार असाल, तर बर्नरचे नोझल आणि दाब बदलल्याशिवाय तेच मशीन त्यावर चालवू नये.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आता इस्त्रीच्या टेबलाजवळ, मावशी उभ्या राहतात त्या भिंतीवर बसवला आहे. दर सोमवारी त्याचे चाचणीचे बटण त्या स्वतः दाबून पाहतात.